पहिल्या तुकडीतली मुलगी

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

भिंतीवर माझं तोंड लावलंय. परातीएवढं!

सकाळी लायब्ररीची फरशी पुसायला गेले तर दोन माणसं शिडीवर चढून फोटो ठोकत होती. वर लिहिलंय – पहिली तुकडी, २०००. बाकांवर पोरंपोरी बसलेली, आणि मधे मी एकटी उभी. अठरा वर्षांची. हातात व्हर्नियर – ते लोखंडाचं बारीक माप घ्यायचं हत्यार. माझ्याच डोक्याभोवती लाल गोल काढलाय. खाली लिहिलंय, 'या विद्यार्थिनीला ओळखता का? संपर्क साधा.'

शिडीवरचा म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा, भुगा पडंल डोळ्यात." वर माझं तोंड, खाली माझं तोंड. त्याला काही कळलं नाही. पंचवीस वर्षं झाली, वर वीस किलो. कोण ओळखणार!

भुगा भरला आणि आले.

९ ऑक्टोबर

हॉस्टेलच्या दोनशे सात नंबरच्या खोलीतल्या तेजलनं सांगितलं. विद्यापीठाला पंचवीस वर्षं झाली म्हणून इतिहासाचं पुस्तक निघतंय. बुद्धरत्न सर लिहितायत, ही पोरगी त्यांच्या हाताखाली. एक डिसेंबरला मोठा कार्यक्रम. तेव्हा फोटोतल्या पोरीला स्टेजवर बसवायचं – पहिली विद्यार्थिनी म्हणून.

पोरी बेसिनपाशी उभ्या राहून बडबडत होत्या.

"अमेरिकेत असणार गं ती."

"जर्मनीत. गाड्या बनवत असेल."

"मावशी, तुम्ही तर इथल्याच ना? ओळखता का?"

म्हणाले, आधी जाळीतले केस काढा, मग इतिहास काढा. खिदळल्या सगळ्या. मग दार लावून घेतलं. आतून हसणं येत राहिलं. मी बादली उचलली.

१२ ऑक्टोबर, रविवार

हे कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही – तो गेला, तरी नाही. पोराला, धनेशला नाही. आता लिहूनच टाकते, जड झालंय.

तेव्हा इथं मुरमाड माळ होता आणि पत्र्याचे दोन वर्ग. कॉलेजला मान्यता द्यायची का ते तपासायला कमिटी येणार होती. वर्गात पोरं दिसायला पाहिजेत! गावातल्या आबाजींनी जीप आणली. मला आणि माझ्या मैत्रिणीला, शालनला म्हणाले, "तीन दिस नुसतं बसायचं. नवा ड्रेस मिळंल, दुपारचं जेवण मिळंल. आन् बाकीची पोरं शहरातली हायेत, खरी हायेत. त्यांच्याशी बोलायचं न्हाई. तोंड उघडलं की कळंल." मी सातवी शिकलेली. शालन पाचवी.

बसलो. मी तर श्वाससुद्धा हळू घेत होते. आजूबाजूची पोरं कशी गप्प, वहीत बघणारी. मनात म्हणायचे, शिकलेली माणसं अशी असतात!

तिसऱ्या दिवशी कमिटी आली. शिकवायला उभ्या सरांनी टेबलावर एक बोल्ट ठेवला. व्हर्नियर कसा धरायचा, रेघेला रेघ कुठं जुळते, सगळं दाखवलं. विचारलं, कोण मोजेल? कोणीच हलेना. कमिटीवाले बघतायत. सरांच्या कपाळावर घाम. मला बघवेना. उठले. अठ्ठावीस पॉइंट चार! बरोबर निघालं. तेवढ्यात फोटो काढला.

संध्याकाळी ड्रेस परत घेतले.

सरांनी शिकवलेलं मला सगळं कळलं होतं त्या दिवशी. एकूण एक.

१९ ऑक्टोबर

पोरी दिवाळीला गेल्या. तीन मजले रिकामे. मेस बंद. एका खोलीत केटली चालूच ठेवून गेल्या, अक्कल नाही. बंद केली.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

धनेश न्यायला येणार होता पिंपळे गुरवला. दुपारी फोन – "आई, शिफ्ट लागली गं. ओव्हरटाइम आहे. भाऊबीजेला बघू." मागून सुनेचा आवाज येत होता, आणि टीव्हीचा. शिफ्टमधे कधीपासून टीव्ही लावायला लागले!

मग एकदम म्हणाले, धनेश, मी कॉलेजात बसलेले एकदा.

"कशावर बसलेलीस? आई, नंतर बोलू."

एक पणती हॉस्टेलच्या दारात लावली. एक नेऊन लायब्ररीच्या पायरीवर ठेवली. वॉचमन म्हणाला, इथं नको, आग लागेल. विझवली.

२७ ऑक्टोबर

आळंदीला जाऊन आले शालनकडे. बसनं. घाटाजवळ तुळशीच्या माळांचं दुकान आहे तिचं. चांगली जाड झालीये. फोटोचं सांगितलं तर ताडकन उठली, सुनेला आत चहा ठेवायला पाठवलं आणि माझा दंडच धरला.

"जयमाले, गप ऱ्हा! लग्नाच्या वेळी बानं सांगितलं हुतं, पोरगी कालेजात हाय. नवरा अजून चारचौघांत सांगतोय. सून मला इचारून अर्ज भरती. तू काय मला म्हातारपणी नापास करतीस का?"

हसलो दोघी. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसलो. मग ती म्हणाली, "आन् तुझी नोकरी? ज्यांच्या घरात ऱ्हातीस त्यांचंच नाक कापणार व्हय?"

खरं आहे. ठेकेदाराची बाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, संस्थेबद्दल वेडंवाकडं बोललात तर त्याच दिवशी खोली खाली. अकरा वर्षं इथंच राहते. दुसरं घर कुठाय?

परत येताना बसमधे शेजारची जागा मोकळीच राहिली.

३ नोव्हेंबर

पोरी आल्या. तीनशे बाराचा नळ तुटला. मेसच्या भाजीवरून भांडण.

५ नोव्हेंबर

आज डोकं फिरलं.

तेजल पुस्तकातलं पान मोठ्यानं वाचून बघत होती, मी खोली झाडत होते. लिहिलंय – 'आसपासच्या गावांतल्या मुली तेव्हा शिकायला पुढे येत नव्हत्या. शहरातून आलेल्या या अनामिक मुलीने त्यांना वाट दाखवली.'

मी झाडू टाकला. म्हणाले, परत वाच.

परत वाचलं तिनं. "छान आहे ना, मावशी?"

पुढे येत नव्हत्या? चौथ्या दिवशी मी चालत आले होते! ड्रेस नव्हता तर आईचं जुनं लुगडं नेसून. तीन कोस. एकटी. वाटलं होतं, मोजलं ना बरोबर, आता घेतील. गेटवरचा माणूस म्हणाला, "ए पोरी, नाटक संपलं, जा घरी." उन्हं चढेपर्यंत उभी होते. आत पत्र्याचे वर्ग बंद. चिटपाखरू नाही. मला वाटलं, खऱ्या पोरांना सुट्टी असेल.

पुढच्या महिन्यात माझं लग्न लावून दिलं.

आणि म्हणे पुढे येत नव्हत्या! छापून आलं की तेच खरं. शंभर वर्षं पोरी तेच वाचणार.

७ नोव्हेंबर

उद्या बुद्धरत्न सरांना सांगणार. शालनचं नाव घेणार नाही. माझं तेवढं सांगणार. स्टेज नको, शाल नको. ते वाक्य खोडा म्हणणार.

कपडे पिशवीत भरून ठेवलेत. दोनच पिशव्या झाल्या. धनेशला फोन लावला होता. उचलला नाही.

८ नोव्हेंबर

सांगितलं. उभ्यानंच. सर, फोटोतली ती मी. आणि मी खोटी होते.

सरांनी उठून खुर्ची दिली. म्हणाले, "ताई, असं सांगणाऱ्या तुम्ही एकविसाव्या. फोटो लागल्यापासून एकेक जण येतोय; पुस्तकातलं पान त्याआधी लिहिलेलं, ते बदलायचंय. त्या वर्षी प्रवेशच झाले नव्हते. कोणी मरकळचा, कोणी शेलपिंपळगावचा, जीप भरभरून आणलेले. प्रत्येकाला सांगितलं होतं, बाकीचे खरे आहेत."

एकही खरा नाही! मग मी कोणाला लाजत होते इतकी वर्षं?

विचारलं, आणि शिकवणारे सर?

"चाकणच्या एका कारखान्यात लेथ मशीन चालवणारे टर्नर होते. त्यांनाही तीन दिवसांसाठीच आणलं होतं. परवा फोनवर सापडले, आता थकलेत. एकच विचारत होते – वर्गातली एक पोरगी खरी होती, जिनं माप बरोबर सांगितलं. ती पुढं इंजिनियर झाली असेल ना?"

नंबर दिलाय सरांनी. फोन हातात घेऊन बसलेय. काय सांगू त्या माणसाला!