ग्रेडी मोठा की कीन मोठा

प्रिय ओपलताईस,

वर्नाचा नमस्कार. भावोजींनाही सांग. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने चालायला सांगितलंय ना, मग चाल. टीव्हीसमोर पाय लांब करून बसल्याने कुणाचा गुडघा बरा झालेला मी अजून पाहिला नाही. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत, याहून जास्त चांगलं आज माझ्याच्याने लिहवत नाही. अक्षर आठवीत शाळा सोडली तेव्हा होतं तसंच आहे, तेव्हा कुरकुर न करता वाच. आणि बसून वाच, कारण मी स्वतः अजून धक्क्यातून बाहेर आलेली नाही.

रेलीनला मुलगा झाला हे तुला कळलंच आहे. साडेनऊ पौंडांचा, मान अशी जाड की डेलमारने पहिल्याच दिवशी दुपट्यातून त्याचे खांदे बोटांनी मोजले आणि हा बचावफळीत खेळणार म्हणून जाहीर केलं. (बाप म्हणून माझ्या रेलीनला त्याने जन्मात कधी मांडीवर घेतलं नाही, हे मी तेव्हा बोलले नाही. आता बोलते.) पण ताई, तीन आठवडे झाले आणि पोराला नाव नाही! दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'मुलगा' लिहिलंय. दुकानात मिळणाऱ्या कपड्याच्या खोक्यावर असतं तसं. येत्या रविवारी चर्चमध्ये पाद्री त्याला देवाच्या ओटीत घालणार, सगळ्या गावासमोर नाव वाचणार, आणि वाचायला नावच नाही.

कारण काय, तर फुटबॉल. डेलमार म्हणतो नातवाचं नाव ग्रेडी ठेवायचं. टॅलमाज कॉलेजचे कोच हॉलिस ग्रेडी, ज्यांचा फोटो आमच्या दिवाणखान्यात येशूच्या शेजारी आहे, आणि खरं सांगायचं तर येशूपेक्षा दोन बोटं वर आहे. आणि आमचे व्याही रँडल (जावयाचा बाप, तोच तो, लग्नात भाषण करताना रडला होता तो) म्हणतात नाव कीन ठेवायचं. ट्रेव्हर कीन म्हणजे आत्ताचा कोच. पांढरे दात, कानाला बोलायचं यंत्र, सामन्याआधी पोरांना डोळे मिटून श्वास मोजायला लावतो. जावई कोडी बापापुढे तोंड उघडत नाही. रेलीनला कुणी विचारलंच नाही. नऊ महिने पोटात तिने वागवलं, पण नाव मात्र कोचांपैकी एकाचं.

गेल्या बुधवारी चर्चच्या जेवणाला हे प्रकरण हाताबाहेर गेलं. मी वाढायला होते, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. डेलमारने भिंतीवर मोठा कागद चिकटवला (रविवारच्या शाळेतल्या मुलांनी नोहाची नौका काढली होती, तिच्यावर!) आणि मधोमध रेघ मारली. एका बाजूला ग्रेडी, एका बाजूला कीन. ग्रेडींच्या अकरा विजेतेपदांसमोर कीनची दोन. रँडल म्हणाले, तेव्हा समोर खेळायला होतं कोण, चार शेतकरी आणि एक शिंपी! डेलमार म्हणाला, ग्रेडींची पोरं स्वतःचे कपडे स्वतः धुवायची. रँडल म्हणाले, धुणारच, आजच्या पोराच्या एका बुटात तुमच्या ग्रेडींचा अख्खा संघ मावेल.

मग दोघांनी टेबलावर सामना लावला. १९६३चा संघ म्हणजे मिठाच्या आणि मिरपुडीच्या डब्या, आणि आत्ताचा संघ म्हणजे मी दुपारभर खपून केलेली मसाला भरलेली अंडी. डेलमारने एक डबी पुढे सरकवली, रँडलने तीन अंड्यांनी तिला घेरली. बघ्यांचा गराडा पडला. पाद्रीसाहेब आले, मला वाटलं आता कान उपटतील. त्यांनी एक अंडं उचललं, तोंडात टाकलं आणि म्हणाले, "हा खेळाडू जखमी." मी म्हटलं, पाद्रीबाबा, तुम्हीसुद्धा? ते म्हणाले, "वर्ना, मी नुसता पंच आहे." आणि दुसरं उचललं.

निकाल काही लागेना. तेव्हा डेलमारला सुचलं की आपल्याकडे साक्षात ग्रेडींच्या हाताखाली खेळलेला माणूस आहे. आपला लॉन्झोमामा! तो कोपऱ्यात बसून मक्याचा ब्रेड ताकात चुरून खात होता. तुला ठाऊकच आहे, गावात मामाची काय पत होती. ग्रेडींच्या पोरांपैकी एक म्हणून न्हाव्याने साठ वर्षं त्याचे केस फुकट कापले. (डोक्यावर उरलेत सात, तरी दर पंधरवड्याला जाऊन बसतो.) दरवर्षी जुन्या खेळाडूंचा सामना असला की त्याला मैदानाच्या मध्यावर उभं करतात, बँड वाजतो. आई नव्हती का सांगत, माझा भाऊ ग्रेडींच्या संघातला म्हणून? स्वतः मामा मात्र त्या दिवसांबद्दल कधी काही बोलला नाही. आपल्याला वाटायचं नम्र आहे.

डेलमार म्हणाला, "मामा, तुम्ही सांगा एकदाचं. कोण मोठा?"

मामाने चमचा खाली ठेवला. म्हणाला, "ग्रेडी नीच माणूस होता."

ताई, माझ्या हातातला डाव कढईत पडला. एरवी बुधवारी आपलं आपल्याला ऐकू येत नाही, त्या दालनात बर्फाचे खडे ग्लासात हलताना ऐकू आले. मामा अगदी साध्या आवाजात बोलत होता, बाजारभाव सांगावा तसा. ऑगस्टच्या उन्हात दिवसातून दोनदा सराव, आणि पाणी नाही. ग्रेडी पाण्याची बादली सगळ्यांना दिसेल अशी ठेवायचे आणि सराव संपला की लाथेने उलटी करायचे. पोरं घामाने भिजलेले टॉवेल चोखायची. मामाच्या खोलीत राहणारा वेंडेल नावाचा मुलगा होता, तो एक दिवस पडला. ग्रेडी म्हणाले, नाटक करतोय, उठवू नका. मामाने उचलला नाही. ते ऐकून आम्ही घाबरलो आणि अर्धा तास नुसते उभे राहिलो, मामा म्हणाला. वेंडेल वाचला, पण एक मूत्रपिंड गेलं, आणि कॉलेजने त्याला घरी पाठवून दिलं.

डेलमारचा चेहरा ब्लीचमध्ये टाकलेल्या फडक्यासारखा झाला. "पण मामा, तुम्ही तर त्यांच्या शवपेटीला खांदा दिलात!"

"दिला तर," मामा म्हणाला. "तो आत आहे याची खात्री करायची होती."

मी हसले. देवाशपथ ताई, तोंडावर पदरासारखा ॲप्रन धरला तरी हसू फुटलं, आणि तेवढ्यात मामाचे हात पाहिले. ताकाचा ग्लास दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, कुणी काढून घेईल तसा. मग मला हसल्याची लाज वाटली.

रँडल मात्र खुर्चीवरून उठले. म्हणजे कीनच मोठा, मामा, बोला! मामा म्हणाला, तो पोरांना पाणी देतो, बाकी मला माहीत नाही. तेवढ्यावर रँडलने कागदावर ग्रेडींच्या बाजूला फुली मारली आणि घरोघर पेढे वाटावेत तसे केकचे तुकडे वाटले. पुढे ऐक. रविवारी सकाळी कीनने कॉलेज सोडलं! हंगाम अर्धा बाकी असताना! आणि गेला कुठे, तर नदीपलीकडच्या, ज्यांचं नावही आम्ही घरात घेत नाही त्या कॉलेजात. पोरांना समोर उभं राहून सांगितलंसुद्धा नाही, फोनवर चार ओळी पाठवल्या, शेवटी श्वासाकडे लक्ष ठेवा म्हणून. रँडल तेव्हापासून त्यांच्या गाडीत बसून असतात. विहीणबाई जेवणाचं ताट काचेतून आत देतात. मला वाटलं होतं मी गेल्या बुधवारी या जन्माचा सगळा धक्का खाऊन संपवला. नव्हता संपला.

आता नाव ठेवायला ग्रेडी नाही, कीन नाही. डेलमारने दिवाणखान्यातला फोटो उतरवला नाही, पण तोंड भिंतीकडे केलंय. मामाशी बोलत नाही. गावही बोलत नाही. न्हाव्याने दुकानातला मामाचा फोटो काढून टाकला आणि केस कापायला बसला तर दर सांगितला. शनिवारी जुन्या खेळाडूंचा सामना आहे, तर समितीचा माणूस दारात येऊन सांगून गेला की यंदा तुम्ही उन्हात उभे राहू नका, तब्येत जपा. साठ वर्षं तब्येत नव्हती वाटतं त्याला! मामा म्हणाला, बरं. आत गेला, बॅग भरली, आणि आता ओसरीवर बॅगेशेजारी बसलाय. म्हणतो ओपलकडे टेक्सासला जातो, शनिवारची बस आहे.

मी म्हटलं, जा. मला काय, एक खोली मोकळी होईल. सकाळी पाचला उठून रेडिओ लावतो, माझी कात्री सापडू देत नाही, ताक संपवतो. तुझ्याकडे राहील, तुझं ताक संपवेल. तुझ्यापुरतं सांगून ठेवते, त्याला रताळी चालत नाहीत.

तुझी बहीण,
वर्ना

ता. क. – तुझ्याकडे माझं निळं झाकणाचं भांडं आहे. नाही म्हणू नकोस, ईस्टरला नेलंस.

ता. क. दुसरं – मामा तुला शुक्रवारी फोन करेल. घरात जागा नाही म्हणून सांग. काहीही सांग, गुडघा सांग, छत गळतंय सांग, भावोजींना देवी आल्यात सांग. खोटं बोलायला तुला मी शिकवायला नको. पण शनिवारच्या बसने तो निघता कामा नये.

ता. क. शेवटचं – मंगळवारी रेलीन आणि मी कचेरीत जाऊन पोराच्या कागदावर नाव लिहून आलो. अलॉन्झो, मामाचं पुरं नाव. बाईने विचारलं नक्की ना, रेलीन म्हणाली पेनानेच लिहा. पाद्रीबाबांना सांगितलंय, डेलमारला नाही, आणि मामाला तर मुळीच नाही, कारण कळलं तर तो कचेरीत जाऊन खोडायला लावेल. म्हणतो, माझं नाव आता कशावर नको. रविवारी अकराला पाद्रीबाबा ते मोठ्याने वाचणार आहेत. तेव्हा तो माझ्या शेजारी बाकावर बसलेला हवा. मग बघू कोण उठून बाहेर जातो ते. डेलमार उठला तर त्याचं जेवणही मी गाडीच्या काचेतून देईन.