नन्नाचा पाढा

२ तारीख
आज सासरी राहायला आले. चार बॅगा, एक टेबललॅम्प आणि मी. वरची खोली आमची, खिडकी ऐसपैस, कपाटाचं एक दार कुरकुरणारं. सासूबाई आणि जाऊबाई इतक्या मायेने वागल्या की मैत्रिणींनी दिलेले सगळे इशारे फुकट गेले. जाऊबाईंची लेक चिमणी, चार वर्षांची. खुर्ची मागितली, ‘नाही’. नाव विचारलं, तरी ‘नाही’. आमचं तिथेच जमलं.

बाबा मला नन्नाचा पाढा म्हणायचे. त्याच पाढ्यावर मी शिकले, मनासारखं लग्न केलं, कारखान्यात लिफ्टचे ब्रेक तपासायची नोकरी धरली. तडा दिसला की नापास. मला नाही म्हणायचा पगार मिळतो, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगते.

जेवणानंतर सासूबाईंनी घरातला जुना खेळ सांगितला. नव्या सुनेने आठवडाभर कशालाही नाही म्हणायचं नाही, फक्त ‘चालेल’. मला हसू आलं. जाऊबाई ताटं पुसत होत्या, त्या हसल्या नाहीत. आठवडाभरात मी काय झिजणार? म्हटलं, चालेल.

५ तारीख
खेळ मजेचा आहे. खिडकीकडची बाजू नवऱ्याला गेली, टेबललॅम्प दिवाणखान्यात गेला. आज नवऱ्याने आडनाव बदलायचं का, असं विचारलं. चालेल म्हटलं, आठवडा सरला की मागे घेईन. किरकोळ गोष्टींत ताकद घालवू नये, मोठ्या लढाईसाठी राखावी, हे मीच मैत्रिणींना शिकवत आले.

९ तारीख
आठवडा संपला. सासूबाईंनी आणखी चहा विचारला. नको म्हणायला तोंड उघडलं आणि ‘चालेल’ बाहेर पडलं. चार कप प्यायले. नवरा हसत होता. तो वाईट नाही, तीच पंचाईत आहे. प्रत्येक गोष्ट मला विचारून करतो.

इथे लिहिता येतं. नाही. नाही. नाही.

१२ तारीख
ब्रेकच्या पट्टीला नखाएवढा तडा होता. मला दिसत होता. साहेबांना दाखवायला गेले. त्यांनी मान वर न करता विचारलं, हा माल पाठवायचा ना? चालेल. शिक्का माझ्याच हाताने मारला. कुठल्यातरी इमारतीत लोक त्या लिफ्टमध्ये चढतील.

संध्याकाळी नवरा म्हणाला, फार थकलेली दिसतेस, नोकरी सोडतेस का? मी ओठ दाताखाली धरले, रक्त आलं. तरी तेच म्हटलं. त्याला बरं वाटलं.

१५ तारीख
भर दुपारी कोठीच्या खोलीतून आवाज आला. दार लोटलं. जाऊबाई दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा धरून उभ्या होत्या. ना... ना... ना... शेजारी सासूबाई. त्याही. इतक्या वर्षांनीसुद्धा त्या रोज इथे येतात.

मी खेळाबद्दल विचारलं. सासूबाईंना रडू फुटलं. म्हणाल्या, “मला विचारलं होतं, पुढचीला शिकवशील ना म्हणून. मी दुसरं काय म्हणणार होते, बाई?”

स्वातंत्र्यावर मी किती भाषणं ठोकली. ते सगळं या दोन अक्षरांवर उभं होतं. मी ती खेळात हरले.

१७ तारीख
बॅग भरली. फाटकापर्यंत पोचले. नवऱ्याने मागून हाक मारली, आत येतेस ना?
आत आले.
आता पेनही अडतं. तो शब्द लिहायला घेतला की बोटं आखडतात. कागद फाटला. ना— इथवरच.

१८ तारीख
चिमणी फार उलटून बोलते, असं नवरा म्हणाला. सहजच. मग सासूबाईंकडे वळून, तिला तो खेळ शिकवायचा का? त्यांनी खाली बघत चालेल म्हटलं. जाऊबाई पोरीची आई, पण त्यांच्याही तोंडून तेच— चालेल. मग तो माझ्याकडे वळला, काकूचा तिला लळा, तर काकूनेच शिकवावा?
मी—
मीही.

चिमणी खाली अंगणात आहे. आंघोळ? तिचा तो शब्द. झोका? तोच शब्द. खणखणीत. कानात प्राण आणून ऐकतेय. पोरी, ओरड. आणखी मोठ्याने ओरड.

जिन्यावर पावलं—
दारात उभी आहे. “काकू, आपण खेळायचं?”
चिमणे, पळ— ऐक, मी सांगते, ना—
ना—
चा