लेइमाराचा बाप्तिस्मा

एडिसन, २८ मार्च २०२५

चि. शंतनूस,
आजीचा प्रभूच्या नावानं सलाम. बोलतेय मी, ईमेल लिहितेय तुझी आई. मधे शहाणपण दिसलं तर ते तिचं.

वानुआतूच्या त्या बेटावर तुझी अकरा माणसांची मंडळी दोनशेची झाली, छान. लग्नाला मात्र तुला एक मुलगी सापडेना! पण तुला तिकडं पाठवणाऱ्या प्लेनोच्या मिशन ऑफिसचा नवा नियम ऐकून मी ताट बाजूला सारलं. वाचता आल्याशिवाय बाप्तिस्मा नाही? आणि गावप्रमुखाची आई लेइमारा, जिनं पहिल्यांदा तुम्हाला ओसरीवर बसू दिलं, तिलाच नापास करणार? काय ठरवलंस ते कळव.

तुझी वाट पाहणारी,
आजी

वानुआतू, २ एप्रिल

ती. आजीस,
सप्रेम सलाम. नियमाला कारण आहे गं. इथं कोणीही उठून 'पुस्तकात लिहिलंय' म्हणतं आणि लोक मान डोलावतात. पण लेइमाराला धाप लागते, आता ती अक्षरं कधी शिकणार? योहानाच्या शुभवर्तमानाचे दोन अध्याय तिला तोंडपाठ आहेत. ऑफिस म्हणतं, पाठांतर म्हणजे वाचन नव्हे. नियम मोडला तर मला परत बोलावतील. तिला नाकारलं तर प्रमुख सगळ्यांना घेऊन जाईल. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी ऑफिसचे साहेब स्वतः येतायत. काय करू?

लोभ असू दे,
शंतनू

एडिसन, ५ एप्रिल

चि. शंतनूस,
आशीर्वाद. नगरला माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाद्रीसाहेबांनी विचारलं, विश्वास आहे का, मी हो म्हटलं. शेणाचे हात पाठीमागे लपवले होते. पुस्तक कुणी पुढं केलं नाही, नाहीतर उलटंच धरलं असतं. तुझ्या ऑफिसच्या साहेबांना विचार, आता या वयात माझं नाव मंडळीतून काढायचं का?

तुझी आई लिहिता लिहिता डोळे पुसतेय. शूर हो, असं मी म्हणणार नाही. काम तुझं जाईल, माझं नाही. फक्त जे करशील ते तिच्या डोळ्यांत बघून कर. परत आलास तर खोली आहे. तुझ्या बहिणीनं, रुचानं तिथं ट्रेडमिल ठेवलंय, तेवढं हलवू.

माया आहे तशीच,
आजी

वानुआतू, १४ एप्रिल

ती. आजीस,
सलाम. काल दिला बाप्तिस्मा. तिला चालवेना, म्हणून खुर्चीतच, भाताच्या पातेल्यात समुद्राचं पाणी आणून. साहेब पहिल्या बाकावर होते. प्रार्थना संपेपर्यंत डोळे मिटून बसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, मी पाहिलंच नाही असं मला लिहिता येणार नाही. मला परत बोलावलंय, शुक्रवारी माझं विमान आहे.

मंडळी आता कोण सांभाळणार, असं त्यांनी प्रमुखाला विचारलं. तो म्हणाला, माझी आई तोंडपाठ सांगेल, आम्ही ऐकू.

तुझ्या मायेचा भुकेला,
शंतनू