बांगड्या नसलेला हात

वडूज, १२ मे

प्रिय दादा,

प्रिय म्हणायची सवय आहे, म्हणून लिहिलं. मोबाइलवर काहीही पाठवलं की तू ते फेसबुकवर टाकतोस. हे कागदावरचं टाकून दाखव.

सांगलीत बसून तू आईची सेवा फार छान करतोस. तुझ्या ऑफिसातले इंद्रजित साहेब परवा औंधला जाताना मुद्दाम आपल्या दारात थांबले. म्हणाले, दर रविवारी येऊन आईला स्वतःच्या हाताने भरवणारा मुलगा आजकाल कुठे मिळतो? मी त्यांना चहा दिला. लाज तुझी होती, मान माझी खाली गेली.

व्हिडिओतला तो हात माझा आहे, दादा. घास देताना बांगड्या दिसतात, काढून ठेव, असं तूच सांगितलंस आणि मीही खुळ्यासारख्या काढल्या. वाटलं, लांब आहेस, तेवढंच तुला समाधान. दोन वर्षं तिचं हगणं-मुतणं मी काढतेय. त्याचे व्हिडिओ तू कधी मागितले नाहीस.

मागच्या रविवारी मी तुला जानेवारीतला व्हिडिओ पाठवला, मुद्दाम. त्यात आईच्या अंगात स्वेटर आहे, कानाला मफलर आहे. इथे उन्हाने पत्रा तापलाय. तू लगेच लिहिलंस, आज आईने अर्धी भाकरी खाल्ली, माझं बोट चावलं आणि हसली. साडेतीनशे लोकांना ते आवडलं. स्वेटर एकालाही दिसला नाही. त्यांचं सोड, ती त्यांची आई नाही.

आता खरं ऐक. आठ दिवस झाले, आईला घास गिळवत नाही. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. हे सांगायला मी चार वेळा फोन केला, चारही वेळा तू 'मीटिंगमध्ये आहे, व्हिडिओ पाठव' म्हणून ठेवून दिलास. काल तिने डोळे न उघडताच माझा हात चाचपला. बांगड्या लागल्या तसा सोडला आणि म्हणाली, "ह्यो न्हवं. भूषणचा हात कवा यील गं?"

हे पत्र घेऊन आलेला रविराज आपल्याच गल्लीतला आहे. तुझ्या दारात गाडी चालू ठेवून उभा असेल. कपडे बदलत बसू नकोस, त्याच्या मागे बस. चमच्याने पाणी तेवढं जातंय अजून. ते तू पाज. मोबाइल मी धरते.

तुझीच,
पिंकी