तुझ्या विश्वासाच्या मापानं

प्रिय वंदना,

सलाम. फोनच करणार होते, पण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. मधेच ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणतेस आणि मी गप्प होते. आज मला गप्प व्हायचं नाही. मी शिकवते त्या शाळेला तीन दिवस सुट्टी आहे, घरात मी एकटीच आहे, तेव्हा सगळं लिहून टाकते. वाचताना राग येईल. येऊ दे.

इकडचं म्हणशील तर जुन्या जालन्यातल्या आपल्या चर्चला नवा रंग दिलाय, पाळकसाहेबांची बदली झाली, आणि बायकांच्या प्रार्थनेत अजून तुझंच नाव निघतं. तुम्ही तीर्थपुरीला जाऊन दोन वर्षं होत आली तरी. कुणाचं लेकरू आजारी पडलं की कुणीतरी म्हणतंच, “वंदनाताईसारखा विश्वास पाह्यजे.” मी तेव्हा पदराचा काठ बघत बसते.

हे काही आजचं नाही. लहानपणी संडे स्कूलला वचनं पाठ म्हणायची स्पर्धा असायची. तुझा पहिला नंबर, माझा दुसरा, दरवर्षी. घरी जाताना माझी आई विचारायची, “वंदनाला जमतं, मंग तुला का न्हाई?” तेव्हापासून मी देवाकडे दोन गोष्टी मागत आले. मला चांगली कर, आणि वंदनाहून चांगली कर. खरं सांगते, दुसरं मागणं मी जास्त कळवळून मागायची.

मग ते वर्ष आलं. तुझ्या नवऱ्याची, मच्छिंद्रभाऊंची, मोटारसायकल अंबड रोडला ट्रकवर आदळली, आणि त्याच महिन्यात माझ्या ह्यांच्या, म्हणजे तुझ्या कल्याणभाऊंच्या, पोटात कॅन्सरची गाठ निघाली. चर्चच्या मंडळीनं दोघांची नावं एकाच कागदावर लिहून प्रार्थनेला ठेवली. मच्छिंद्रभाऊ अकरा दिवस बेशुद्ध होते, बाराव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. पुढच्या महिन्यात तू चर्चमध्ये उभी राहून साक्ष दिलीस, “मी अकरा दिवस उपास केला. एक मिनिट पण शंका घेतली न्हाई, म्हणून प्रभूनं माझा नवरा मला परत दिला.” सगळे रडले. मी पण रडले. पलीकडे पुरुषांच्या बाजूला आमचे हे बसले होते, पँट कमरेत ढिली झालेली, आणि तुझ्याकडे बघून हसत होते. त्यांना खरंच आनंद झाला होता.

तुझ्या साक्षीतला तो ‘म्हणून’ मी घरी घेऊन आले. रिक्षात बसल्याबसल्याच मी तो उलटा केला. जिचा नवरा बरा होत नाही तिनं शंका घेतली असणार, दुसरं काय? तू तसं बोलली नव्हतीस, हे मला माहीत आहे. पण तू तो शब्द वापरलास, आणि तो शब्द आपल्या बाकावर कुणाकुणाला लागेल याचा तू विचार केला नाहीस.

मी बारा दिवस उपास केला. तुझ्याहून एक दिवस जास्त. ह्यांची तब्येत मात्र उतरतच गेली. तेव्हा मी ठरवलं की कमी माझ्यात नाही, ह्यांच्यात आहे. एक दिवस दुपारी ते पोट धरून कण्हत होते. मी भाकरी टाकत होते. तव्यावरची भाकरी तशीच सोडून मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “मच्छिंद्रभाऊ बघा. वंदना बघा. तुमचा विश्वासच कमी पडून राह्यला. दुखतं दुखतं म्हणून तुम्हीच आजाराला धरून बसलात.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. पोटावरचा हात काढून घेतला.

त्या दिवसापासून ते कधी दुखतं म्हणाले नाहीत. विचारलं की म्हणायचे, “बराबर आहे मी. बिलकुल दुखत न्हाई.” आणि मी काय केलं, माहीत आहे? बायकांच्या सभेत उभी राहून साक्ष दिली की प्रभूनं दुखणं काढून घेतलं. तू समोरच होतीस. तुझ्याकडे बघूनच मी बोलले होते.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांचं तोंड उघडून बघितलं. गाल आतून चावून चावून सोलले होते. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, “बाई, इतका त्रास असताना हे बोलले का नाहीत? आजार आमच्या हातात नव्हता, पण दुखणं तर कमी करता आलं असतं.” मी कारण सांगितलं नाही. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. चार महिने तो माणूस माझ्या शेजारी झोपून आतल्या आत ओरडत होता, कारण मला तुझ्या बरोबरीनं उभं राहायचं होतं.

मातीला तू आलीस. मला मिठीत घेतलंस आणि म्हणालीस, “देवाची इच्छा, सुरेखा.” तुझा नवरा उठला तो तुझ्या विश्वासानं, आणि माझा गेला तो देवाच्या इच्छेनं. त्या दिवसापासून मी तुझा द्वेष केला. प्रभुभोजाची भाकर घेताना केला, तुझ्यासाठी प्रार्थना म्हणतानासुद्धा केला.

गुरुवारी तुझी प्रांजली कॉलेजच्या कामानं नवीन जालन्यात आली होती. माझ्याकडे आली आणि दारातच रडायला लागली. “मावशी, दिवाळीपासून आईच्या छातीत गाठ आहे. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणती, दर शुक्रवारी घरी चाळीस माणसं प्रार्थनेला येतात, ती काय म्हणतील? मंग साक्ष खोटी होती का, असं विचारतील.” ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते, कारण ते लपवलं तर या पत्राला काही अर्थ नाही. बरं झालं, असं आलं. पोरगी समोर रडत होती आणि मला आतून गार वाटलं. मग तिनं सांगितलं की तू स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून उभी असतेस, आणि मला ह्यांचे सोललेले गाल दिसले.

पोरीवर रागावू नको. मंगळवारी सकाळच्या एसटीनं मी येते. तुला जालन्याला दवाखान्यात घेऊन जाणार आहे, चाळीस माणसं बघत असली तरी. दुखत असेल तर माझ्यापुढे दुखतं म्हण, जितकं दुखतं तितकं म्हण. मी तुला माफ केलेलं नाही, आणि तूही मला करावंस म्हणून येत नाही. पण तू बरी झालीस तर का झालीस, आणि नाही झालीस तर का नाही झालीस, हे मी कुणाला सांगणार नाही, आणि माझ्यादेखत कुणाला सांगूही देणार नाही.

काही झालं तरी तुझीच,
सुरेखा