मॅटखालचा ठोकळा

बाबा, आज अक्षर वाकडंतिकडं आलं तर बोलू नका. अक्षरावरून तुम्ही मला जन्मभर बोललात, आज बोलायची पाळी माझी आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि आज अकराच्या सुमाराला, राइट टाउनमधल्या एका गॅरेजच्या बाकावर बसून चहा पिताना, मला तुमच्याबद्दल असं काही कळलं की कप हातातून सुटला. चहा साडीवर सांडलेला तसाच आहे. घरी येऊन मी साडीसुद्धा बदलली नाही, आधी कागद घेतला.

तुमची छोटी पांढरी गाडी अजून माझ्याकडेच आहे. किलोमीटरचा काटा एकदा पूर्ण फिरून शून्यावर आला आणि पुन्हा म्हाताराही झाला. मी शिकवते त्या शाळेतल्या बायका म्हणतात, "दीदी, अब तो इसको आराम दे दो." मी देत नाही. पण मागच्या आठवड्यात पुलाच्या चढावर एका ऑटोवाल्याने मला मागे टाकलं आणि जाता जाता चक्क हात जोडले. ऑटोने मागे टाकावं! त्यात तुमची नात नागपूरला नोकरी करते, मे महिन्यात गाडी घेऊन मी एकटी तिच्याकडे येणार, असं फुशारकीने सांगून बसले होते. ती हसली. "आई, तिलवाऱ्याचा चढ तरी चढेल का ती?" पोरीने सहज म्हटलं, पण नर्मदेच्या त्या तिलवारा घाटाच्या चढावर माझं काय झालं होतं, हे तिला कुठून ठाऊक असणार. ती तेव्हा माझ्या पोटात होती.

म्हणून म्हटलं, हिच्यात जरा दम आणू या. तुम्ही म्हणायचे न, "जुन्या गाडीत ताकद भरता येत नाही बेटा, अडली असंल ते मोकळी करता येते." मी तुमच्याच क्रमाने गेले. प्लग बदलले, एअर फिल्टर नवा टाकला, कार्बोरेटर साफ करवून घेतला, टायरमध्ये हवा नीट भरली. डिकीतलं तुमचं नट-बोल्टच्या पान्यांचं जड खोकंदेखील घरी उतरवून ठेवलं, मनातल्या मनात तुमची माफी मागून. गाडीचा आवाज गोड झाला, चाल मात्र तीच. शेवटी मिस्त्री स्वतः चालवायला बसला, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला आणि म्हणाला, "दीदी, गाड़ी में दम तो पूरा है. पैर ही पूरा नीचे नहीं जा रहा."

आता तुम्हाला आपल्या घराची आठवण करून देते. स्वयंपाकघरातली खिडकी वीतभरच उघडायची, कारण मी लहानपणी तिच्यातून वाकले होते. ओट्याखालचा सुऱ्यांचा खण अर्धाच बाहेर यायचा. गच्चीचं दार, झोपाळ्याची साखळी, सगळीकडे तुमचे सागवानी ठोकळे. फॅक्टरीत दिवसभर फिटरचं काम करून यायचे आणि इथे काही धोक्याचं दिसलं की तोंडाने अक्षर न बोलता तिथे ठोकळा मारायचे. आई चिडायची. "अहो, एक दिवस मलाही ठोकळा लावाल तुम्ही." तुम्ही फक्त पॉलिश पेपरने कोपरे घासत राहायचे. कोणाला टोचू नये म्हणून प्रत्येक ठोकळ्याचे कोपरे गोल केलेले असायचे.

गाडी शिकले तेव्हा मी जरा सुसाटच होते, कबूल. शेजारच्या काकांनी मला शहपुऱ्याच्या रस्त्यावर बघितलं आणि घरी येऊन चुगली केली. तुम्ही मला अंगणात थांबवून म्हणालात, "काहून एवढी पळवून राहिली? गाडी आहे का विमान आहे?" आई मधे पडली, "जाऊ द्या न, शिकून राहिली पोरगी." मग दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी रविवार होता. तुम्ही अर्धे गाडीत, अर्धे बाहेर असे पालथे पडलेले. मी विचारलं तर म्हणालात, "मॅट लावून राहिलो. तुझ्यासाठी नवी आणली, हिरवी." रुसवा संपल्याची ती भेट आहे असं मला वाटलं होतं, बाबा. तुम्ही ती चारी बाजूंनी इतकी पक्की चिकटवली की इतक्या वर्षांत मी वरूनच पुसत आले.

आज मिस्त्रीने ती उचकटली. खाली, बरोबर अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलखाली, दोन बोटं उंचीचा सागवानी ठोकळा, दोन स्क्रूंनी पत्र्यात घट्ट बसवलेला. तो हातात घेऊन मिस्त्री कौतुकाने म्हणाला, "किसी ने बड़े प्यार से लगाया है, देखो. कोने भी गोल किए हैं." तेव्हा कप पडला.

मला तो दिवस दिसतो आहे. संक्रांत. आईला नर्मदेत तीळ सोडायचे आहेत, तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आठ दिवस झालेत, म्हणून चालवायला मी. दुपारचं लख्ख ऊन, घाटावर गर्दी. पायऱ्या चढताना आई मधेच खाली बसते, छातीवर हात ठेवते, कपाळ घामाने भिजतं. तिला मागच्या सीटवर घेतो, डोकं तुमच्या मांडीवर. घाटावरून रस्त्याकडे चढ सुरू होतो आणि गाडी रांगायला लागते. मी पेडल दाबते आहे, सगळं अंग त्या एका पायावर टाकून दाबते आहे, पाय जमिनीला टेकला आहे, माझ्या समजुतीप्रमाणे जमिनीलाच. ट्रॅक्टर पुढे जाऊन राहिलेत. मी रडत ओरडते, "बाबा, ही चढत काहून नाही?" आई म्हणते, "हळूच घे बेटा, घाई नको करू." ते तिचं शेवटचं बोलणं.

दवाखान्यात तिला आत नेल्यावर तुम्ही दिसेनात, म्हणून मी बाहेर आले. तुम्ही गाडीच्या पुढच्या दारात वाकलेले होते, डोळ्याला हिरवी पट्टी आणि हात खाली, मॅटवर. मी दंडाला धरून उठवलं. "काय करता, बाबा?" तुम्ही म्हणालात, "चप्पल शोधून राहिलो." चप्पल तुमच्या पायात होती. मी ती पाहिली होती, बाबा, आणि तरी मला काही म्हणजे काही कळलं नाही!

त्यानंतर नऊ वर्षं तुम्ही एक वाक्य म्हणत राहिलात. जेवता जेवता हात थांबवून म्हणायचे, "तुझा काही दोष नव्हता, बेटा." दर संक्रांतीला, बाळाला मांडीवर घेऊन, एकदा तर भर लग्नाच्या पंगतीत. मला वाटायचं बाप लेकीची समजूत घालतो आहे. मी मनातून ठाम होते की मीच नवशिकी, घाबरट, मला गाडी काढता आली नाही आणि माझी आई गेली. तुम्ही खरं सांगत होता हे आज कळतंय. अर्धंच सांगत होता. नेहमीसारखंच, वीतभर उघडून.

मग उरलेलं काहून नाही सांगितलं? मला राग येतोय, इतका की ठोकळा उचलून भिंतीवर मारावासा वाटतोय. आणि तो काढला का नाही तुम्ही? त्या दिवसापासून तुम्ही गाडीला हात लावला नाही, फॅक्टरीत सायकलने गेलात. मी चालवत राहिले त्याच ठोकळ्यावर पाय ठेवून. पुन्हा कोणाला घेऊन धावायची वेळ आली असती तर? की ती मॅट उचलायची हिंमतच झाली नाही? तुम्ही घाबरट होता, बाबा. हे मी तुम्हाला समोर कधीच म्हटलं नसतं.

गॅरेजमधून निघाले ती लगेच घरी आले नाही. सरळ तिलवाऱ्याला गेले. घाटापर्यंत खाली उतरले, गाडी वळवली आणि पेडल दाबलं. पाय खाली जातच राहिला. इतका खाली की मी दचकून काढूनच घेतला. पुन्हा दाबलं. तुमची म्हातारी गाडी तो चढ अशी चढली की वर पोहोचल्यावर मला ती थांबवायचं भान राहिलं नाही, पार पुढच्या वळणावर जाऊन थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून मोठ्याने रडले. एक भाजीवाली हातगाडी सोडून आली, काच वाजवून म्हणाली, "क्या हुआ, बहनजी, गाड़ी बिगड़ गई?" मी म्हटलं, "नहीं, ठीक हो गई." ती माझ्याकडे बघतच राहिली.

आता ठोकळा माझ्यासमोर टेबलावर आहे. कोपरे अजून गुळगुळीत आहेत. तुमच्या नातीला यातलं काही सांगणार नाही, हे पत्रही तुमच्या पान्यांच्या खोक्यात तळाशी जाईल, ठोकळ्याबरोबर. पण एक गोष्ट माझ्याकडूनही राहिली आहे, तीही लिहून टाकते.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आधा घंटा पहले ले आतीं, तब भी हम कुछ नहीं कर पाते." मला वाटलं, हे सगळ्यांनाच असं सांगतात. तुम्हाला सांगितलं तर मी स्वतःची सफाई देते आहे असं दिसेल, म्हणून गप्प बसले. नऊ वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसून जेवत होता, आणि ते वाक्य मी तुम्हाला एकदाही सांगितलं नाही. मला वाटलं होतं, ते फक्त माझ्याच कामाचं आहे.