खराब निघालेला फोटो

वडवणी,
८ एप्रिल २०२१

ती. गं. भा. चंद्रभागाबाई थोरल्या जाऊबाईंस, धाकट्या जानकीचा शि. सा. न. वि. वि.

इकडं आमी सगळे खुशाल. तुमी म्हणाल, फोन असताना हिनं कागद कावून काळा केला. तर फोन हाय तुमच्या लेकाच्या, रामेश्वरच्या खिशात. तो उचलतो आन् लगेच मोठ्या आवाजावर टाकतो, मग जावाजावांचं बोलणं निम्म्या चौसाळ्यानं ऐकायचं. आपण दोघी प्रौढ वर्गाला एकाच पाटीवर शिकलो. तुमचं अक्षर तवाबी माझ्याहून बरं होतं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला पाटीवरचं तुमचंच अक्षर दाखवायच्या. असू द्या.

लिहायचं कारण हे की आपली तेजश्री, माझ्या थोरल्या लेकाची पोर, इथल्या कोविड सेंटरात छातीचे फोटो काढायला लागली. एक्स-रेची मशीन तीच चालवती. डोक्यापासून पायापर्यंत निळं प्लास्टिक, तोंडापुढं काच. पेशंट तिला फोटोवाल्या मॅडम म्हणतात. डॉक्टर सुद्धा दारात थांबून विचारतात, मॅडम, फोटो झाला का. तुमच्या नातवाला, रविराजला नवी मोटारसायकल घेतली म्हणून ऐकलं. चांगलं झालं. मोटारसायकल काय, कुणीबी चालवतं.

मला चार दिस खोकला होता. नाकात काडी घातली तर निगेटिव्ह आली. तेजश्री म्हणाली, आजी, काडी कधीमधी फसती, फोटो काढून बघू. गळ्यातलं, कानातलं, केसातला आकडा सगळं काढायला लावलं. मग छाती पाटीला चिकटव, श्वास ओढ, धरून ठेव. जेवढं माझं कुणी साठ वर्षांत ऐकलं न्हाई तेवढं मी त्या मशीनीचं ऐकलं. दोन फोटो काढले. पहिला खराब निघाला, मधी काहीतरी आलं म्हणाली. दुसरा मात्र घासलेल्या तांब्यावानी निर्मळ. तो आमच्या ह्यांनी भिंतीला लावलाय आन् येईल त्याला उन्हाकडं धरून दाखवतात.

पहिला ती फेकून देणार होती. मी म्हटलं, फेकती कशाला, थोरल्या बाईंना पाठवू. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू, मला दोन्ही सारखेच. शहादेवच्या दुधाच्या टेम्पोत देते हाय. खिडकीत धरून बघा, बरगडी न् बरगडी दिसती. कागदावर सॅनिटायझर मारलंय, शाई फुटली तर मला नावं ठेवू नका.

शहादेव सांगत होता, दुधाची कॅन देताना तुमाला लई खोकला येत होता. दाखवून घ्या. माझी नात फोटो काढती, पण तिच्याकडं यायला तुमाला कमीपणा वाटंल.

लोभ असू द्या. रविराजला देऊन उरला तेवढा चालंल.

तुमची धाकटी,
जानकी

---

चौसाळा,
१३ एप्रिल २०२१

सौ. जानकीस, चंद्रभागेचा आशीर्वाद.

फोटो पोचला. चांगला तुझ्याकडं आन् खराब माझ्याकडं, ही तुझी रीत मला ठाऊक हाय. सासूबाईंच्या तेराव्यालाबी करपलेली पोळी माझ्याच ताटात आलती.

खिडकीत धरून बघितला. बरगड्या दिसल्या. डाव्या बाजूच्या बरगड्यांवर एका ओळीत पांढरे गोल गोल दिसले. मला वाटलं रोग असंल, म्हणून जीव धसकला. मग मोजले. सतरा. आन् दहाव्याच्या पुढं एक जागा मोकळी.

जानके, त्या मोकळ्या जागेची सोन्याची पुतळी मोडून सासूबाईंनी माझ्या रामेश्वरच्या बारशाला अंगठी केलती. सासूबाईंच्या माळेशिवाय दुसऱ्या कुठल्या माळेत अशी एक जागा मोकळी असणार न्हाई.

सत्तावीस वर्षं झाली. आमी ऊस तोडून शिरूरला घरी परत आलो तवा सासूबाई गेलेल्या आन् त्यांची पुतळ्यांची माळ गायब. तू दिव्यावर हात ठेवून म्हणालीस, मला ठाऊक न्हाई. मग सगळ्या गल्लीसमोर माझी पेटी उघडायला लावली. माझी लुगडी, माझी कोयती, फडावरचं भाकरीचं फडकं, सगळं अंगणात मांडलं. काही निघालं न्हाई तरी शेजारची केसरबाई म्हणालीच, थोरलीनं कारखान्यावर नेऊन विकली असंल. तू शेजारी उभी होतीस. तुझ्या चोळीत माळ होती आन् तू माझ्याकडं बघत होतीस.

मला म्हणती, दाखवून घ्या. माझ्याबी नाकात काडी घातली, निगेटिव्ह आली. खोकला हाय, ताप हाय, उन्हाळा हाय. हापशापासून दारापर्यंत येताना दोनदा बसावं लागतं, वय झालंय. तुझ्या नातीच्या मशीनीपुढं मी उभी राहणार न्हाई. तुझ्या घरचं पाणीबी नको मला.

लोभ कुणावर ठेवायचा ते आता मी ठरवीन.

चंद्रभागा

---

वडवणी,
१५ एप्रिल २०२१

ती. गं. भा. थोरल्या बाईंस, जानकीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हातातली कणीक तशीच वाळली. नाकारू कशी? मशीनीनं साक्ष दिली.

चोळीच्या आत पट्टी शिवून त्यात माळ तशीच, एकेक पुतळी बसवलेली, मोकळी जागाबी तशीच. दर नव्या चोळीला नवी पट्टी. फोटोच्या वेळी गळ्यातलं काढ म्हणाली ते काढलं, कापडाच्या आतलं कुठं दिसणार असं वाटलं. पहिला खराब निघाला तवा पोरगी म्हणाली, आजी, अंगावर काही हाय का? मी तिची शपथ घेऊन न्हाई म्हटलं, आन् तिथल्या मोरीत जाऊन चोळी उतरवून पदर लपेटून आले. मला वाटलं फोटोत नुसता डाग पडला असंल. मोजता येतील एवढ्या नीट दिसतील हे कुणाला ठाऊक.

कावून घेतली ते सांगते. नऊ महिने सासूबाई अंथरुणात. मी त्यांचं हागणं-मुतणं काढलं, वेणी घातली, घास भरवला. आन् त्या दाराकडं बघून म्हणायच्या, थोरली आली का? माझ्या हातची पेज पिऊन तुमचं नाव. उशाखाली माळ होती. म्हणायच्या, थोरलीच्या गळ्यात घालीन आन् मग जाईन. बाई, माझं काळीज जळायचं. तुमी फडावर उन्हात ऊस तोडत होतात हे मला दिसत नव्हतं, मला फक्त तुमचं नाव ऐकू यायचं. त्या गेल्या तवा माळ मी काढली. एक दिवसबी गळ्यात घातली न्हाई. घालून मिरवणार कुठं? छातीला टोचायची तेवढीच ती माझी.

पण ते माझं पाप. तुमी त्यावर तुमचा श्वास पणाला लावू नका. तुमचं पत्र मी तेजश्रीला वाचून दाखवलं, सगळं. माझी खोटी शपथ घेतलीस म्हणाली, आन् ताट तसंच ठेवून उठली. मग परत आली आन् म्हणाली, थोरल्या आजी चालताना बसतात ना, त्यांना उद्याच्या उद्या आण. काडी निगेटिव्ह असली तरी चालताना दम लागतो म्हणजे छाती बघायलाच हवी. वाट बघत बसलो तर फोटो काढून उपयोग न्हाई. पोर माझ्याशी अजून नीट बोलत न्हाई, पण तुमच्यासाठी तिनं रामेश्वरला दोनदा फोन केला.

माळ मी टेम्पोत देणार न्हाई. फोटोच्या खोलीच्या दारात तुमच्या हातात देईन. ती घ्यायला तरी या. आल्यावर तुमाला वाटंल ते मला बोला, माणसांसमोर बोला.

लोभ मागायचं तोंड न्हाई. या एवढंच.

जानकी

---

चौसाळा,
१२ मे २०२१

सौ. जानकीस आशीर्वाद विशेष.

परवा घरी आले. हात थरथरतो म्हणून अक्षर वाकडं हाय. आता तुझ्यासारखंच दिसतंय.

तुझा राग घेऊनच वडवणीला आलते. जीपमधी ठरवलं होतं, दारात काय काय बोलायचं. तू मास्क लावून भिंतीला टेकून उभी, हातात फडक्याची पुरचुंडी. मी तोंड उघडलं तर बोलायला श्वासच न्हाई. सत्तावीस वर्षांचं साठलेलं आन् वारा संपलेला. पुरचुंडी घेतली तोच तुझी नात म्हणाली, थोरल्या आजी, अंगावर काहीच ठेवायचं न्हाई. ती माळ तिच्याच हातात द्यावी लागली. गळ्यात घालायला मिळाली न्हाई ती न्हाईच.

माझा फोटो पहिल्याच खेपेला नीट निघाला. हे लिहून ठेव. दोन्ही बाजूंना खाली पांढरं पांढरं, वेचायला आलेल्या कापसावानी. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजनची नळी लावा, आणखी चार दिवसांनी आल्या असत्या तर अवघड होतं. शेजारच्या खाटेवरच्या विमलबाई सीटी स्कॅनच्या मोठ्या मशीनीतून जाऊन आलेल्या. त्या आपला स्कोर सांगायच्या जसा पोरीचा दहावीचा निकाल. मला म्हणाल्या, तुमचा किती? मी म्हटलं, माझा फोटो माझ्या नातीनं काढलाय, आमच्यात स्कोर विचारत न्हाईत.

हो, माझ्या नातीनं. जळू दे तुझं. ड्युटी सुटली की निळं प्लास्टिक अंगावर ठेवूनच यायची, पेज पाजायची. एकदा तिनं माझे केस विंचरून वेणी घातली. तुला कधी घातली का?

माळ तिच्यापाशीच हाय. मी तिला म्हटलं, तुझ्या लग्नात घाल. पण मांडवात सांगायचं, थोरल्या आजीनं दिली. धाकटीचं नाव घ्यायचं न्हाई. तेवढं मी सोडणार न्हाई.

तुझा खराब फोटो मी खिडकीत लावलाय. ऊन आलं की पुतळ्या चमकतात. केसरबाई इथं आली होती लेकीकडं, तिनं विचारलं, हे काय हो? मी म्हटलं, माझ्या जाऊबाईची छाती. ती हसली. पुढचं मी सांगितलं न्हाई.

लोभ हाय. कमी हाय, पण हाय.

चंद्रभागा

---

वडवणी,
१७ मे २०२१

ती. गं. भा. थोरल्या बाईंस, धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

तुमी घरी आलात वाचून ह्यांना गूळ वाटायला लावला. अक्षर माझ्यासारखं झालं म्हणता, तर अजून पुष्कळ सुधारायला हवं.

माझी वेणी तिनं एकदाही घातली न्हाई. लहानपणी तिची मी घातली, रोज दोन. मी तिला काल विचारलं तर म्हणाली, आजी, तुझे केस उरलेत किती. तुमचे अजून हायत म्हणून तुमची घातली. मला सगळा दिवस जेवण गोड लागलं न्हाई. पण पोर हसून बोलली, महिन्यानं पहिल्यांदा. म्हणून मीबी हसले.

नव्या चोळीला पट्टी शिवली न्हाई. हात अजून तिथं जातो, आन् मोकळा परत येतो. मांडवात तुमचंच नाव घेऊ द्या. मी पहिल्या रांगेत बसून जळीन, मला सवय हाय.

खराब फोटो परत मागणार होते. आता मागत न्हाई. केसरबाई परत आली तर तिला खिडकीशी न्या, उन्हाकडं तोंड करून उभी करा, आन् एकेक पुतळी बोट लावून मोजायला लावा. सतरा झाल्या की माझं नाव सांगा. तुमची पेटी अंगणात उघडली होती, माझी खिडकीत उघडी राहू द्या.

श्वास सांभाळा. लोभ कमी हाय म्हणता, तो तसाच राहू द्या, पण हापशावर जाऊ नका. रविराजला पाणी आणायला सांगा, मोटारसायकल हाय ना त्याच्याकडं.

तुमची धाकटी,
जानकी